दहा दिवसांची कनू आणि आईचं वाळवण

मे महिन्यात आमच्या गच्चीवर पाय ठेवायला जागा नसते. एका जुन्या साडीवर कांद्याचे काप, दुसरीवर टोमॅटो, कोपऱ्यात सावलीला पालक. शेजारच्या काकूंना वाटलं घरात लग्न निघालंय. लग्नबिग्न काही नाही. सप्टेंबरात आम्ही चौघं, म्हणजे मी, बायको आणि टोरांटोला राहणारे ताई-दाजी, दहा दिवस कनू घेऊन कॅनडातल्या अल्गोंक्विन पार्कात जाणार आहोत. तिथल्या रात्रीच्या जेवणाचा बराचसा भाग सध्या नाशिकच्या उन्हात वाळतोय.

तीन वर्षांपूर्वी चार दिवसांची एक फेरी केली होती. तेव्हा सामान कसं बांधायचं याची अक्कल नव्हती, ती तिथे आली. त्यामुळे "नावेतून तर जायचंय, मग वजनाचं एवढं काय?" असं कुणी विचारलं की मला राग येत नाही. मीही तेच विचारलं होतं.

कनू म्हणजे वरून उघडी, दोन्ही टोकांना निमुळती, साधारण 16 फुटी नाव. दोघं बसतात, दोघांच्या हातात एकेका पात्याचं वल्हं, दोघांचंही तोंड पुढे. नाशिककरांना वल्हं म्हटलं की चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ आठवतो, 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरीत तेरावा आलेला. पण ते रोइंग. त्यात खेळाडू जिकडे जायचं तिकडे पाठ करून बसतो आणि नावेत त्याच्याशिवाय काहीही नसतं. कनू मुळातच ओझ्याची नाव आहे. उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींनी ती भूर्जाच्या सालीपासून बनवली आणि नंतर कातड्यांच्या व्यापारातल्या फ्रेंच हमालांनी त्याच नावांतून अर्धा खंड पालथा घातला.

अल्गोंक्विन पार्क 1893 सालचं. आकार साडेसात हजार चौरस किलोमीटरच्या वर, म्हणजे नाशिक जिल्ह्याच्या जवळपास निम्मा. दक्षिणेकडच्या बाजूनं एक हमरस्ता जातो. तो सोडून आत शिरलं की फक्त तळी, ओढे आणि तळ्यांना जोडणाऱ्या जंगलातल्या पायवाटा. या पायवाटेला पोर्टाज म्हणतात. एक तळं संपलं की नावेतून उतरायचं, नाव उलटी करून खांद्यावर घ्यायची, सामान पाठीवर घ्यायचं आणि पुढच्या तळ्यापर्यंत चालायचं. कधी 100 मीटर, कधी दोन किलोमीटर, आणि वाटेत चिखल, मुळं, चढ. तिथे गडी मिळत नाही.

म्हणजे सामान नावेत मावतं का, हा प्रश्नच नाही. ते आपल्या पाठीवर झेपतं का, एवढंच बघायचं असतं.

आता हिशेब करू. हलक्यातली, केवलार नावाच्या चिवट धाग्याची कनू 20 किलोच्या आसपास भरते. दोघांच्या दोन पाठपिशव्या, प्रत्येकी 15 किलो. शिवाय शिधा. एका नावेमागे 65 ते 70 किलो होतात आणि न्यायला माणसं दोनच. एका खेपेत जात नाही, दोन कराव्या लागतात. दोन खेपा म्हणजे ओझं घेऊन जा, मोकळे परत या, पुन्हा ओझं घेऊन जा. एक किलोमीटरचा पोर्टाज असा तीन किलोमीटरचा होतो. आमच्या दहा दिवसांच्या वाटेत मिळून 8 किलोमीटर पोर्टाज आहेत, म्हणून चाल 24 किलोमीटर आणि त्यातली 16 पाठीवर ओझं घेऊन. जुने फ्रेंच हमाल 41-41 किलोचे दोन गठ्ठे एका वेळी कपाळावरच्या पट्ट्यानं न्यायचे असं सांगतात. आम्ही बँकेत आणि शाळेत नोकऱ्या करणारी माणसं आहोत.

वजन कमी करायचं तर कशातून? पहिल्यांदा सगळे महागड्या तंबूकडे बघतात. दीड किलोचा तंबू घ्यायचा की अडीच किलोचा, यावर दाजींनी पंधरा दिवस घालवले. पण सामानात सगळ्यात जड वस्तू शिधा असते, आणि शिध्यात सगळ्यात जड असतं ते पाणी. कांद्यात वजनाच्या 85 टक्क्यांहून जास्त पाणी आहे. टोमॅटोत तर 94 टक्के. ज्या जंगलात पावलापावलावर तळं आहे तिथे पाठीवर पाणी वाहून न्यायचं, यासारखा दुसरा मूर्खपणा नाही. पहिल्या खेपेला आम्ही तीन किलो कांदे-बटाटे नेले होते. नाशिकचा माणूस कांद्याशिवाय जाणार कसा!

यंदा 10 किलो कांदा वाळवला, त्याचा सव्वा किलो झाला. सगळा न्यायचा नाही, उरलेला घरी आमटीला. पद्धत आईचीच. काप एकसारखे पातळ, वरून मलमल, संध्याकाळी घरात. मात्र एक गोष्ट आम्ही नव्यानं शिकलो. वाळलेलं जिन्नस थंड झालं की आठवडाभर काचेच्या बरणीत भरून ठेवायचं आणि रोज हलवून बघायचं. काचेवर आतून धुकं धरलं तर ओल राहिलीय, पुन्हा उन्हात. वरून कडक लागणारा तुकडा आत ओला असू शकतो आणि एका तुकड्याची बुरशी सगळ्या पुडीला लागते. शिजवलेले पदार्थ मात्र उन्हात वाळवू नका. मुगाची खिचडी आम्ही घरी शिजवून विजेच्या वाळवणयंत्रात 60 अंशांवर एका दिवसात कडक करतो. तिथे उकळतं पाणी ओतून झाकून ठेवलं की वीस मिनिटांत पुन्हा खिचडी. या खिचडीत शिजवताना तूप-तेल घालायचं नाही, कारण स्निग्ध पदार्थ वाळत नाही, खवट होतो. तूप तिथे वरून.

तुपावर जरा थांबायला हवं, कारण सगळा हिशेब तिथे फिरतो.

दिवसभर वल्हं मारणाऱ्या आणि ओझं वाहणाऱ्या माणसाला 3000 किलोकॅलरी तरी लागतात, थंडी असेल तर जास्त. कोरडं धान्य, डाळ, पीठ यांच्या एका ग्रॅममधून साधारण साडेतीन किलोकॅलरी मिळतात, शुद्ध तुपा-तेलाच्या एका ग्रॅममधून नऊ. सगळं धान्यावर भागवलं तर माणशी रोज 860 ग्रॅम शिधा. त्यातल्या 1080 किलोकॅलरी 120 ग्रॅम स्निग्धांशातून घेतल्या तर उरलेल्यांना 550 ग्रॅम धान्य पुरतं, एकूण 670. फरक 190 ग्रॅमचा. चार माणसं, दहा दिवस, म्हणजे साडेसात किलो! तंबूवरच्या पंधरा दिवसांच्या संशोधनातून एक किलो वाचला होता.

120 ग्रॅम तूप कुणी नुसतं पिणार नाही. ते शेंगदाण्यातून, तिळातून, खोबऱ्यातून, लाडवातून पोटात जातं. त्या फ्रेंच हमालांचा आणि पठारावरच्या मेटी, म्हणजे आदिवासी-युरोपीय मिश्र वंशाच्या लोकांचा प्रवासातला पदार्थ पेमिकन होता. बायसनचं, म्हणजे तिकडच्या गव्याचं मांस वाळवून कुटायचं, त्यात वितळलेली चरबी ओतायची, कधी रानबोरांसारखी फळं घालायची आणि कातड्याच्या पिशवीत ठासून भरायचं. महिनोन्महिने टिकायचं. ताईनं हे वाचून दाखवलं तेव्हा आई म्हणाली, "मग डिंकाचा लाडू वेगळा काय असतो?" खरंच नसतो. वाळलेलं खारीक-खोबरं, तळलेला डिंक, त्यांना धरून ठेवायला तूप आणि गूळ. बाळंतिणीसाठी आणि हिवाळ्यासाठी केलेली वस्तू चपखल बसते. 40 ग्रॅमचा एक लाडू, प्रत्येकाला दिवसाला दोन.

आपल्या खाण्यातलं बरंच काही असं आयतं कामाला येतं, पण सगळं नाही. नाशिकचा चिवडा आम्ही पहिल्या वेळी अभिमानानं दोन किलो नेला. वजनाला हलका, पण जागा खाणारा. शिध्याचं अर्धं पिंप चिवड्यानं भरलं आणि तिसऱ्या दिवशी त्याचा चुरा झाला. शिध्याला वजनाबरोबर आकारमानही असतं हे तेव्हा कळलं. आता दुपारसाठी, म्हणजे चूल न पेटवता खायला, खाकरे, शेंगदाण्याची चिक्की, बेदाणे आणि सातूचं पीठ. सातूत गूळ आणि तळ्यातलं गाळलेलं पाणी कालवलं की झालं. सकाळी घरी भाजून ठेवलेल्या रव्याचा उपमा किंवा दूध पावडर घातलेली लापशी. रात्री खिचडी किंवा मुगाची आमटी-भात, वाळवलेली भाजी, निखाऱ्यावर भाजलेला पापड. पहिल्या दोन दिवसांना ताईच्या हातच्या दशम्या, तिथेच केलेल्या, आणि चार कांदे. हो, चार. तेवढा हट्ट ठेवलाय.

शिध्याच्या पुड्या दिवसवार बांधायच्या. नाश्त्याचं एकत्र, रात्रीचं एकत्र असं भरलं की पहिल्या दोन दिवसांत चिक्की संपते. आमची संपली होती. प्रत्येक दिवसाची एक पिशवी, वर मार्करनं आकडा, शिवाय एक दिवस जास्तीचा. तळ्यावर वारा उठला की लाटांत कनू घालता येत नाही, काठावर बसून राहावं लागतं. त्या दिवसाला कुणी वेगळं जेवण आणून देत नाही.

चौघांचा दहा दिवसांचा शिधा असा 27 किलो आणि जास्तीच्या दिवसासकट 30. तो जातो पिंपात. आपल्याकडे सातपूर-अंबडच्या भंगारवाल्यांकडे दिसतात तशीच निळी प्लास्टिकची पिंपं, वर रबरी वॉशरचं झाकण आणि पत्र्याची कडी. तिथे त्यांना खांद्याचे पट्टे लावून पाठीवर घेतात. 60 लिटरच्या एका पिंपात आमचा सगळा शिधा ठासून बसतो, पण मग पहिल्या दिवशी पिंप-पट्ट्यांसकट 34 किलो एकाच्या पाठीवर. म्हणून 60 चं एक आणि 30 चं एक असं वाटून घेतो. समाधान एवढंच की रोज पावणेतीन किलो कमी होतात.

पिंपाचं दुसरं काम अस्वलाशी. या जंगलात काळी अस्वलं आहेत आणि त्यांचं नाक आपल्या हिंगाच्या डबीला फार दुरून ओळखेल. पिंप हवाबंद असल्यानं वास कमी पसरतो, पण अस्वलाला ते फोडता येत नाही असं समजू नका. रात्री दोरीनं झाडाच्या फांदीला टांगायचं, जमिनीपासून साधारण 12 फूट वर, खोडापासून दूर, तंबूपासून तर चांगलंच लांब. आत फक्त खाणं नाही, जे जे वास मारतं ते सगळं: टूथपेस्ट, साबण, खोकल्याच्या गोळ्या, केसांचं तेल. गोड्या मसाल्याचा हात पुसलेला नॅपकिनसुद्धा. बायकोनं तो उशाशी ठेवला होता. दाजींनी रात्री अकराला विजेरीच्या उजेडात तो पिंपात नेऊन टाकला आणि मग कुणालाच झोप लागली नाही.

खाण्यातलं पाणी काढलं, आता बाहेरचं पाणी आत येऊ द्यायचं नाही. कनूच्या तळाशी वल्ह्याचे थेंब साचतात, पाऊस येतो, आणि नाव कधीतरी उलटते हे धरूनच बांधायचं. पाठपिशवीचा पावसाळी झगा पुरत नाही, तो वरचा पाऊस अडवतो, खालचं पाणी नाही. पिशवीच्या आत जाड प्लास्टिकचं अस्तर हवं, तोंड पिळून दुमडून बांधलेलं. गुंडाळून बंद होणाऱ्या रबरी पिशव्या मिळतात, त्यांना हवा दाबून काढून तीन तरी घड्या घालाव्या लागतात. लोक एक घालतात आणि मग कंपनीला शिव्या देतात. घरी बांधून बादलीत बुडवून बघा. झोपायची पिशवी आणि कोरडे कपडे यांना दुहेरी अस्तर, बाकीचं भिजलं तर भिजलं.

निफाडच्या एका बागायतदार मित्रानं शेततळ्याच्या कागदाचा तुकडा देऊ केला, तंबूखाली अंथरायला. 500 मायक्रॉनचा, फाटायचं नाव नाही. मी वजन काढलं तर चौरस मीटरला जवळपास अर्धा किलो. तीन बाय तीनचा तुकडा सव्वाचार किलो. त्याचं मन मोडलं, पण घेतला नाही.

कपड्यांबद्दल एकच नियम कठोरपणे पाळायचा. दोन जोड न्यायचे, एक ओला आणि एक कोरडा. कोरडा जोड घालून कनूत बसायचं नाही, कधीच नाही. सकाळी कालचा ओला जोड पुन्हा अंगावर चढवायचा, कितीही जिवावर आलं तरी. एकदा दया येऊन कोरडा घातला की दुपारपर्यंत दोन ओले जोड होतात आणि रात्री पारा पाच अंशांवर येतो. दोन्हींत सुती काही नको. जीन्स तर नकोच, ती पाणी धरते आणि वाळत नाही. लोकर किंवा खेळाडूंच्या कपड्यांचं कापड ओलं असूनही थोडी ऊब ठेवतं. आपल्याला सुती म्हणजे आरामदायी अशी सवय, कारण आपल्याला घाम जायला हवा असतो. तिथे उलट, अंगातली उष्णता जाऊ द्यायची नसते. पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगानं उष्णता ओढून घेतं. बर्फाळ पाण्यात पडलेल्या माणसाबद्दल तिकडे 1-10-1 असं शिकवतात: पहिलं एक मिनिट श्वास ताब्यात आणायला, पुढची दहा मिनिटं हातपाय कामाचे राहतात, आणि शुद्ध हरपायला साधारण एक तास. सप्टेंबरातली तळी एवढी गार नसतात, पण दहा मिनिटांचा आकडा लाइफ जॅकेट कुठे असावं ते सांगतो. पिशवीत नाही, अंगावर, चेन लावून. माणशी एक जॅकेट, शिट्टी, पाणी उपसायचं भांडं आणि 15 मीटरची तरंगणारी दोरी हे तिथे कायद्यानंच लागतं. जास्तीचं एक वल्हं आपल्या अकलेनं घ्यायचं.

सप्टेंबर निवडायला आणखी एक कारण आहे. मे-जूनमध्ये तिथे काळ्या माश्या चावतात, मागोमाग जुलैत डास. मग डोक्यावरची जाळी, औषधं, पूर्ण बाह्या, सगळं सामान वाढतं. महिना बदलला की पिशवी हलकी होते.

नाशिकहून जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी वेगळ्या. स्टोव्हच्या गॅसचे डबे विमानात चालत नाहीत, हातातल्या बॅगेत नाही आणि पोटातल्या सामानातही नाही, तिथेच घ्यायचे. 230 ग्रॅमच्या डब्यात 10 लिटर पाणी उकळेल असा सावध हिशेब आम्ही धरतो. आम्हाला रोज 5 लिटर लागतं, म्हणून पाच डबे आणि वाऱ्यासाठी सहावा. लाकडं मिळतात, पण कोरड्या वर्षी आग पेटवायला बंदी येते, त्यामुळे त्यांच्या भरवशावर राहता येत नाही. कुकर? पहिल्या वेळी नेला होता. डाळ सुरेख शिजायची, पण दीड किलोचं धूड आणि शिट्टीच्या आवाजानं पलीकडच्या काठावरची माणसं उभी राहून बघायची. शिजवून वाळवलेल्या खिचडीनं त्याची गरजच संपवली.

तूप आणि दूध पावडर टोरांटोत घ्यायची. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सीमेवर अडतात. वाळवलेल्या भाज्यांच्या पुड्यांवर इंग्रजीत नाव लिहायचं आणि फॉर्मवर सगळं जाहीर करायचं. लपवलेल्या मेतकुटापेक्षा सांगितलेलं मेतकूट बरं, फार तर काढून घेतील.

संकटात उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र तिथे भाड्यानं मिळतं. मोबाइलला रेंज नसते, म्हणून ते घ्यावंच. पण विकत घेऊन नाशिकला आणायचा मोह नको, परवान्याशिवाय असं यंत्र भारतात बाळगणं बेकायदा आहे आणि विमानतळावर लोक अडकलेत. कागदी नकाशा आणि होकायंत्रही ठेवायचं. इथे गच्चीवर होकायंत्राची सुई जवळजवळ खऱ्या उत्तरेला असते, अल्गोंक्विनमध्ये ती 11-12 अंश पश्चिमेला ढळलेली असते. ते न धरता सरळ सुईमागे गेलं तर पाच किलोमीटरच्या तळ्यावर आपण किलोमीटरभर चुकीच्या काठाला लागतो. पोर्टाजची पाटी मग सापडत नाही.

नावेत भरायचं कसं, ते सोपं आहे. जड पिंप मधोमध, अगदी तळाला, पिशव्या आडव्या, काही काठाच्या वर येता कामा नये. मागे किंचित वजन जास्त ठेवलं की नाव सरळ जाते, समोरून वारा असेल तर पिंप थोडं पुढे सरकवायचं. भरून झाल्यावर पाण्यापासून काठापर्यंत वीतभर तरी उंची राहायला हवी. ती राहत नसेल तर काहीतरी घरी ठेवायला हवं होतं. रेनकोट, नकाशा, औषधांची पेटी आणि त्या दिवसाची पिशवी सगळ्यात वर.

गेल्या रविवारी मी 60 लिटरच्या पिंपात 30 किलो तांदूळ भरून ते पाठीवर घेऊन पांडवलेणीच्या पायऱ्या चढलो. अर्ध्यात पट्टे खांद्यात रुतायला लागले. रोज फिरायला येणारे एक काका थांबून म्हणाले, "काय हो, वर भंडारा आहे का?" खाली येऊन मी यादीतून खुर्ची, दुसरा टॉर्च, आवडती स्टीलची ताटली आणि बूट-चप्पल यांतली चप्पल खोडली. रात्री चप्पल परत लिहिली. ओल्या बुटातून सुटका नको का?

आई यंदाही कैरीच्या लोणच्याची बरणी काढायला लागली होती. ताईनं फोनवर समजावलं की आतल्या भागात काचेच्या बाटल्या आणि खाण्यापिण्याचे पत्र्याचे डबे न्यायला बंदी आहे, मागच्या वेळी ती बरणी गाडीतच राहिली होती. आई काही बोलली नाही. दोन दिवसांनी गच्चीवर कांद्याच्या साडीशेजारी एक नवी साडी दिसली, त्यावर मिठात घोळलेल्या कैरीच्या फोडी. आंबोशी. काल ती कागदाच्या पुडीत बांधून, वर तिखटाची वेगळी पुडी ठेवून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "कर वजन."

130 ग्रॅम. यादीत लिहिलं.